एजंट आपल्या बोलीत बोलतो, कोर्ट अरबीत

गल्फला निघालेल्या कोकणी मुसलमानाला व्हिसा आणून देणारा माणूस त्याच्याच बोलीत बोलतो. म्हसळ्याचा असेल तर म्हसळ्याच्या, मंडणगडचा असेल तर मंडणगडच्या. पैसे मागतो तेही गोड भाषेत. मग तिकडे पगार थकतो, नाहीतर कफील 'पळून गेला' म्हणून तक्रार टाकतो (सौदीत याला 'हुरूब' म्हणतात), किंवा गाडीचा अपघात होतो आणि पोलीस उचलतात. त्या दिवशी आपली भाषा संपते. जबाब अरबीत लिहिला जातो, खाली सही आपल्या पोराची, आणि वर काय लिहिलंय ते त्याला कोणीतरी घाईघाईत हिंदीत सांगितलेलं असतं.

यावर आपल्यातलंच एक ठरलेलं उत्तर आहे : "उर्दू येते ना, मग वेगळा मराठी वकील कशाला?" मला या उत्तराचा मनापासून राग येतो. मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दू, हे बाहेरचे गृहीत धरतात तेव्हा आपण चिडतो. गल्फच्या पोलीस स्टेशनात मात्र आपणच ते गृहीत धरतो. दुकानात, साइटवर, मशिदीत चालणारी उर्दू वेगळी आणि घाबरलेल्या माणसाने पोलिसांसमोर रात्री दोन वाजता दिलेला जबाब वेगळा. तेव्हा तोंडातून आईची भाषा येते. आपण 'त्याला मारला' म्हणतो तेव्हा दोन थपडा दिल्या, एवढंच म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याने तो 'मार दिया' ऐकला तर गुन्ह्याचं कलम बदलतं. 'मी चेष्टा केली' हे वाक्य हिंदीच्या दुभाषाकडे गेलं तर 'मी प्रयत्न केला' असं होऊन बसतं. थट्टेचा कबुलीजबाब व्हायला एक शब्द पुरतो.

दुभाषा मिळतो, हे खरं. यूएईच्या कोर्टाची भाषा अरबी आहे आणि अरबी न येणाऱ्या आरोपीला दुभाषा देण्याची तिथल्या कायद्यात सोय आहे. फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणाऱ्या खटल्यात आरोपीने वकील केला नसेल तर कोर्टच वकील नेमतं. पण दुभाषा कोर्टाचा असतो. तुमच्या बाजूने प्रश्न विचारणं, "थांबा, तो असं म्हणाला नाही" असं सांगणं हे त्याचं काम नाही. ते वकिलाचं काम, आणि त्यासाठी वकिलाच्या ऑफिसात तुमची भाषा समजणारा एक तरी माणूस लागतो.

भाषा वाढवता येत नाही असंही नाही. 2016 पासून यूएईत नोकरीची ऑफर अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याचा नियम आला. त्यासाठी जी यादी केली तिच्यात हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी होत्या, मल्याळम आणि तमिळही होत्या. मराठी नव्हती. फेब्रुवारी 2019 मध्ये अबू धाबीने कामगार खटल्यांसाठी अरबी-इंग्रजीच्या जोडीला हिंदी आणली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तयार फॉर्ममध्ये अकरा भाषा असताना बारावी घालायला काय लागतं हे मला माहीत आहे : एक नीट केलेलं भाषांतर आणि ते मागणारा कोणीतरी. यातलं दुसरं आपल्याकडे नाही.

मागणारे कसे असतात ते केरळकडे बघा. त्यांनी 1996 साली परदेशातल्या मल्याळींसाठी सरकारचं वेगळं खातं काढलं, नोर्का. त्याच्या नोर्का-रूट्स या संस्थेचा प्रवासी लीगल एड सेल आहे. केरळात वकिली केलेली आणि त्या त्या देशाचा अनुभव असलेली माणसं गल्फमध्ये सल्लागार म्हणून नेमली जातात, म्हणजे भाषा किंवा कायदा कळत नाही म्हणून अडकलेल्याला आपल्या भाषेत बोलणारा कोणी मिळतो. रायगड-रत्नागिरीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जात आहेत, घरं त्या पैशावर उभी राहिली, मशिदींचे मिनार उभे राहिले. असं खातं मुंबईत मंत्रालयाकडे आपण किती मोठ्याने मागितलं?

दिल्लीला हा मुद्दा कळत नाही असंही समजू नका. कुलभूषण जाधव आठवतात ना? 25 डिसेंबर 2017 रोजी इस्लामाबादेत त्यांची आई त्यांना काचेपलीकडून भेटली. ती मायलेकांच्या भाषेत बोलायला लागली तर तिला पुन्हा पुन्हा अडवलं. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर निवेदनात मातृभाषेत बोलू न दिल्याचा निषेध केला. बरोबरच केला. हेग इथल्या न्यायालयात हरीश साळवे उभे राहिले आणि 17 जुलै 2019 च्या निकालाने, 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे जाधवांना वकिलातीची मदत मिळायला हवी होती, हे मान्य झालं. तेच कलम श्रीवर्धनच्या ड्रायव्हरलाही लागू आहे. अटक झाली की आपल्या वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा त्याचा हक्क आहे. 2025 मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून जास्त भारतीय होते. सौदी आणि यूएई मिळून त्यातले पाच हजारांच्या आसपास. त्यांच्यापैकी किती जणांच्या मातृभाषेसाठी निवेदन निघालं?

आता आपल्या लोकांना एक कडू गोष्ट. 'आपल्या भाषेचा' म्हणजे 'आपला' असं नाही. एजंटही आपल्याच भाषेचा होता. यूएईच्या नेहमीच्या कोर्टांत उभं राहण्याचा हक्क मुख्यतः तिथल्या नागरिक वकिलांना आहे. तुम्हाला सापडलेला मराठी बोलणारा गृहस्थ बहुतेक वेळा लीगल कन्सल्टंट असतो. तो तुमचं ऐकेल, कागद तयार करेल, पण कोर्टात बोलणारा दुसराच असेल. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा : तुमचं लायसन्स कसलं? कोर्टात कोण उभं राहणार, त्याचं नाव काय? फी लेखी देणार का? मुखत्यारपत्रात काय काय लिहिलंय, ते मला माझ्या भाषेत वाचून दाखवा. या प्रश्नांवर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका, मग तो तुमच्या गावचा का असेना.

वकिलातीकडून काय मागायचं तेही ठरवून घ्या. भारतीय समुदाय मोठा आहे अशा ठिकाणी आपल्या वकिलाती स्थानिक वकिलांचं पॅनल ठेवतात. इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड 2009 पासून आहे, गरजूला सुरुवातीची कायदेशीर मदत त्यातून मिळू शकते. हा फंड पासपोर्टसारख्या कामांवर घेतलेल्या जादा शुल्कातून भरतो, म्हणजे पैसा कामगाराचाच. मग त्या पॅनलमध्ये प्रत्येक वकिलाच्या नावापुढे एक रकाना हवा : याच्या ऑफिसात कोणत्या भाषा बोलल्या जातात. यात खर्च काही नाही.

आणि आपल्या जमाती? गावाच्या गल्फ कमिट्या मशिदीच्या छपरासाठी, मय्यतीसाठी, लग्नासाठी एका आठवड्यात चंदा उभा करतात. ती ताकद खरी आहे आणि मी तिची कदर करतो. पण कुवेतच्या कमिटीला विचारलं, की तुमच्याकडे दोन भरवशाचे वकील आणि मराठी समजणारा एक कायदेशीर अनुवादक यांची नावं आहेत का, तर एकमेकांकडे बघतात. कोणीतरी म्हणतं, अल्लाह मालिक है. मान्य, पण उंट बांधून ठेवायलाही सांगितलेलं आहे.

पनवेल तालुक्यात उलव्याचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला. उद्या गल्फची विमानं आपल्या उंबऱ्यावरून उडतील आणि आपली पोरं अजून सहज जातील. ती जायच्या आधी हे काम व्हायला हवं. जमातीच्या पुढच्या बैठकीत एक विषय वाढवा, एक वही उघडा. देश, शहर, वकिलाचं नाव, लायसन्स, भाषा, आणि आपल्यापैकी कोणाची केस त्याने कशी लढवली. ज्याने तिकडे कोर्टाची पायरी चढली आहे त्याच्याकडून पहिली ओळ लिहून घ्या. तो लाजेल. तरी घ्या.