मावशी ‘जवळची’ नसते?

आजी वारल्याचं कारण सांगून लेक्चर बुडवणारा एक तरी महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. एकाच आजीला तो वर्षात चारदा पोहोचवून येतो आणि कट्ट्यावर हशा पिकतो. पण घरातलं माणूस खरंच जातं, तेव्हा हाच विनोद अंगाशी येतो. कारण समोरचा आधी संशयाने बघतो.

ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट. पुण्यात पहिलीच नोकरी. आई-बाबा बदलीच्या गावी असायचे, म्हणून ती लहानाची मोठी झाली कोल्हापूरला, मावशीकडे. शाळेचा डबा मावशीचा, दहावीला रात्री सोबत जागणारीही मावशीच. ती मावशी अचानक गेली. मुलीने मिळेल ती एसटी पकडली आणि वाटेतूनच ऑफिसला कळवलं. परत आल्यावर एचआरचा मेल तयार होता. मावशी ‘इमिजिएट फॅमिली’त बसत नाही, त्यामुळे तीन दिवस बिनपगारी. ‘पगाराचं सोड गं, पण मावशी माझी कुणीच नव्हती का?’ तिचा हा प्रश्न कितीतरी दिवस डोक्यातून जात नाहीये.

कुणी गेल्यावर खासगी नोकरीत वेगळी रजा मिळालीच पाहिजे, असा देशभर लागू असलेला कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, म्हणजे आपल्या भाषेत सीएल. लग्न, ताप, घरातला मृत्यू, सगळं त्यातच भागवायचं. कुणी गेल्यावर म्हणून वेगळं जे काही मिळतं ते कंपनीच्या मर्जीवर. आणि कंपनीची यादी बहुधा आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं इथवर येऊन थांबते.

यादीचा हा सोस एकट्या एचआरचा नाही म्हणा. आपलं सुतकही तसंच. कधी न पाहिलेल्या भाऊबंदाचं दहा दिवस पाळायचं आणि लग्न झालेल्या लेकीला मात्र आई-वडिलांचं तीनच दिवस! माया कुणावर किती, हे ना त्या हिशेबात दिसतं ना या.

न्यूझीलंडच्या कायद्याने यातून एक वाट काढली आहे. आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, सासू-सासरे अशा यादीतल्या नात्यांसाठी ३ दिवसांची भरपगारी रजा. यादीबाहेरचं कुणी गेलं तरी १ दिवस मिळू शकतो. ती व्यक्ती किती जवळची होती आणि अंत्यविधीची जबाबदारी कर्मचाऱ्यावर होती का, हे मालकाने बघायचं. एक दिवस म्हणजे काही फार नाही, पण यादीबाहेरही माणसं असतात, हे निदान कायद्याने मान्य केलंय.

आपल्याकडे यापुढे एक पाऊल टाकायला काय हरकत आहे? दिवस कंपनीने ठरवावेत, माणूस कर्मचाऱ्याने. वर्षाला चार-पाच दिवस द्या. ते आत्यासाठी घ्यायचे, की रूममेटसाठी, की शेजारच्या काकांसाठी, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. काही जण गैरफायदा घेतील, मान्य. पण डोकं दुखतंय म्हणून एक दिवस घरी राहिलेल्याचं डोकं कुणी तपासत नाही. दिवस मोजकेच असले की खोटं बोलूनही फार काही हाती लागत नाही.

कॉलेजांनीही जरा स्वतःकडे बघावं. ७५ टक्के हजेरीच्या भानगडीत आजारपणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं. मावशीच्या तेराव्याचं सर्टिफिकेट कुणाकडून आणायचं?

प्लेसमेंटच्या वेळी आपण पॅकेजचा आकडा दहादा वाचतो. या वेळी रजेचं पानही उलटून बघा आणि यादीत कोण कोण आहे, ते बिनधास्त विचारा. आणि उद्या तुमच्यातलंच कुणीतरी टीम लीड होईल, तुमच्याही फोनवर असा मेसेज येईल. तेव्हा ‘कोण लागत होत्या?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘नीट पोहोचलीस ना?’