भिवंडीचा नाका आणि मागवाल्याचा टेम्पो

शहरातून किती गाड्या जातात यावर बाजारपेठ ठरत नाही. किती गाड्या तेथे थांबून माल चढवतात-उतरवतात, यावर ठरते. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला आली, पुढे एक मार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे फुटला आणि कल्याण जंक्शन बनले. भिवंडी मात्र त्या लोहमार्गापासून बाजूला राहिली. तिला हात दिला तो मुंबई-आग्रा रस्त्याने. त्याच रस्त्याने सूत आले, त्याच रस्त्याने कोरे कापड बाहेर गेले.

नंतर गोदामे आली. जागा स्वस्त होती हे खरे, पण मोठे कारण जकात. मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात पडे, म्हणून व्यापारी माल नाक्याबाहेर ठेवून खपेल तसा आत नेत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. आता गोदामे उठतील असे अनेक जण म्हणत होते. झाले उलटेच! पूर्वी कर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यात गोदाम ठेवत. आता एकच मोठे गोदाम पुरते. ते कोठे बांधणार? नाशिक, गुजरात आणि न्हावा-शेवा बंदर या तिन्हींकडचे रस्ते जेथे जवळ येतात तेथेच. जून 2025 पासून समृद्धी महामार्गही नागपूरहून थेट भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत आला आहे.

मग भिवंडीचे भले झाले म्हणायचे का? गोदामवाल्याचे झाले. मागवाल्याचा टेम्पो अंजूरफाटा किंवा राजनोलीला कंटेनरच्या मागे उभा असतो. टेम्पोवाल्याचे पोट फेऱ्यांवर चालते. दोनऐवजी एकच फेरी झाली की ताग्यामागचे भाडे वाढते. मोठी कंपनी हे सोसते. आपला नफा मीटरमागे पैशांत मोजावा लागतो. बालोतरा, पालीकडे जाणाऱ्या गाठींची संध्याकाळची गाडी चुकली की दिवस गेला, आणि पेमेंटही तेवढे पुढे गेले.

तक्रार कोणाकडे करायची, हाही घोळच आहे. माग शहरात, महानगरपालिकेच्या हद्दीत. मानकोली, पूर्णा, काल्हेरची गोदामे ग्रामपंचायतींच्या हद्दीत. रस्ता तिसऱ्याचा, नाक्यावरचा शिपाई चौथ्याचा. आपण पालिकेत अर्ज देतो आणि घरी येतो.

उड्डाणपुलाची मागणी तर आपण सवयीने करतो. पुलावरून पुढे जाणारा ट्रक सुटतो. शहरात वळणारा टेम्पो खालीच राहतो. त्यापेक्षा कापडाच्या टेम्पोला ठराविक वेळ राखून मिळावी. शहराबाहेर गाठी चढवण्याची सामायिक जागा हवी. वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानकातून 2020 मध्ये पार्सल गाड्या सुटल्या होत्या. कापडाच्या गाठींसाठी तेथे कायमची सोय मागता येईल.

मागवाले, सूतवाले आणि ट्रान्सपोर्टवाले वेगवेगळी निवेदने देतात, म्हणून कोणाचेच वाचले जात नाही. तिघांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे आणि रिकाम्या हाताने जाऊ नये. महिनाभर कोणता टेम्पो कोणत्या नाक्यावर किती तास अडकला याची वही ठेवावी. माल केव्हा निघाला ती वेळ निघतानाच वहीत लिहावी. पोहोचल्याची वेळ मुनीमजींनी शेजारी लिहिली की झाले.