कन्हानच्या वरच्या अंगाला कोण शोधणार?

सौंसरचं नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीत तावून निघालेल्या खडकांच्या एका मोठ्या पट्ट्याला 'सौंसर समूह' म्हणतात आणि नागपूर, भंडारा, बालाघाटचं मँगनीज याच खडकांत सापडतं. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हे दगड तपासले जात आहेत. त्याच जमिनीवर राबलेल्या माणसाचा माग मात्र कुणी एवढ्या चिकाटीनं काढलेला नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. ही उणीव भरून काढायला याहून चांगली वेळ येणार नाही.

नागपूर-इटारसी लोहमार्गावर काटोल, नरखेड आणि मग पांढुर्णा. याच वाटेच्या सुरुवातीला, नागपूरपासून जवळ, जुनापाणी आणि माहुरझरी आहेत. जुनापाणीला काळ्या पत्थराच्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच ती खणून पाहिली होती. वर्तुळांच्या आत दगडगोट्यांचा भराव, त्याखाली माणसांचे अवशेष, लोखंडाची हत्यारं, काळी-तांबडी भांडी. काही धोंड्यांवर मुद्दाम कोरलेले वाटोळे खळगे आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळांची मोजमापं घेतली, तेव्हा हे खळग्यांचे धोंडे ठरावीक दिशांनाच बसवलेले दिसले. आकाशाकडे पाहूनच ते रचले असतील का, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासाचा झाला.

माहुरझरीत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, आणि घोड्यांच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे दागिनेही. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली: विटा, भात्याच्या नळ्या, धातुमळी. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातली माणसं खनिज वितळवून लोखंड काढत होती, हे पोथीत कुठेच नाही. ते भट्टीच्या राखेतून, कोळशाच्या किरणोत्सर्गी कार्बनातून कळलं.

आता नद्यांकडे पाहावं. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान सौंसरच्या भागातून खाली नागपूर जिल्ह्यात उतरते आणि पुढे पेंच तिला येऊन मिळते. नायकुंडचे लोक आणि वरच्या अंगाचे रहिवासी एकाच नदीखोऱ्यात जगत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तोवर दोन्ही एकाच प्रांतात होते. राज्यं वेगळी झाली तसं पुरातत्त्वाचं कामही वाटून घेतलं गेलं, आणि भाषा, नाती, बाजार एक असलेला हा मुलूख अभ्यासकांच्या नकाशात मधोमध तुटला.

शेजारच्या बैतुल जिल्ह्यात काय घडलं ते पाहावं. धारुळजवळच्या सातपुड्यात 2007 मध्ये अमरावतीचे डॉ. व्ही. टी. इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना चित्रांनी भरलेल्या शैलगुहा दिसल्या. पुढे अशा गुहांची संख्या शंभरापलीकडे गेली. शोध लावणारी माणसं महाराष्ट्रातली, डोंगर मध्य प्रदेशातला. हौशी माणसांनी पायपीट केली म्हणून हा ठेवा उजेडात आला. सरकारी पाहणीची वाट पाहिली असती, तर आजही तो झाडोऱ्यात दडलेला असता.

पांढुर्णा-सौंसरकडे वेळ मात्र थोडा आहे. संत्र्याच्या नव्या बागेसाठी जेसीबीनं वावर सपाट होतं, तेव्हा आडवा येणारा धोंडा धुऱ्यावर जातो किंवा गिट्टीसाठी फुटतो. वर्तुळ एकदा विस्कटलं की कुठला दगड कोणत्या दिशेला होता, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी काही दाखवलेलंच नसतं.

नव्या जिल्ह्यानं गावनिहाय पाहणी हाती घ्यावी. त्यासाठी नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला मध्य प्रदेशच्या पुरातत्त्व खात्यासोबत बोलवावं. काळी-तांबडी खापरं कशी दिसतात, धातुमळी हाताला किती जड लागते, हे शाळांमध्ये प्रत्यक्ष दाखवावं आणि ते मराठीतून सांगावं. 1878च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. पांढुर्ण्याला आता स्वतःचे जिल्हाधिकारी आहेत. पाहणीचा पहिला आदेश त्यांच्याच कार्यालयातून निघायला हवा, आणि तो पुढच्या नांगरणीच्या आत.