गोठलेली बाटली आणि आमची घाई



डिसेंबर-जानेवारीत वडोदऱ्यात पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. आपण कपाटातून स्वेटर काढतो, उंधियूचे बेत करतो. प्रयोगशाळेत मात्र ग्लेशियल ॲसेटिक आम्लाची बाटली गोठून बसते. शुद्ध ॲसेटिक आम्ल सुमारे १६.६ अंशांनाच घट्ट होते. बर्फासारखे दिसते म्हणूनच त्याला ‘ग्लेशियल’ म्हणतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत शिकवत होतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी अशीच बाटली निघाली. मुले रांगेत उभी, परीक्षक येऊन बसलेले. आम्ही सहायकांना म्हटले, “अहो, जरा लवकर करा.” त्यांनी बाटली स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तळाचे आम्ल वितळून फुगले, वर घट्ट थर, झाकण आवळलेले. बाटली तडकली, त्यांचा हात भाजला. पेट घेतला नाही हे नशीब, कारण ४० अंशांच्या आसपास या आम्लाची वाफ पेटू शकते. दोष त्यांचा नव्हता. घाई आमची होती.

झाकण किंचित सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवायची, हातमोजे आणि चष्मा घालायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या. तासभर उशीर झाला तर होऊ द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण थंडीत सर्वांत आधी खिडकीच बंद होते! शिवाय जागा नाही म्हणून ही बाटली नायट्रिक आम्लाशेजारी ठेवली जाते. दोन्ही एकत्र सांडली तर आग लागू शकते.

आणखी एक खटकते. बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत आणि ती हाताळणारा गुजराती वाचणारा. आम्ही हिंदी माध्यमातले, ‘संहत’ म्हणायला जातो आणि तोंडून ‘सांद्र’ निघते. आमचीच ही गत, तर त्यांनी काय करावे? चिठ्ठी त्यांच्या भाषेतच हवी.

आपल्यापैकी अनेकजण नंदेसरीच्या कारखान्यांत किंवा कोयलीच्या रिफायनरीत आहेत. ५० टक्के कॉस्टिकचे द्रावण १२ अंशांच्या सुमारास गोठू लागते, म्हणून थंडीत त्याच्या नळ्या उबदार ठेवाव्या लागतात, हे तुम्ही आम्हांला शिकवाल. येत्या शनिवारी कपाटे तपासायची आहेत. ज्यांना येता येईल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.