घरी जायची फी आपण का भरायची?

मोहरमला कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघायला पुण्या-मुंबईहून यायचं तर काय लागतं? एसटीचं तिकीट. आमच्या खानापूर-कडेगाव भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. गावची जत्रा आली की दुकानाला कुलूप लावतात आणि गाडीत बसतात. कुणाला विचारावं लागत नाही.

मी सात वर्षं रियाधमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो. तिथून कडेगावला यायचं तर आधी 'खुरूज-औदा' लागायचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा. नोकरी पक्की, इकामा चालू, खिशात भारतीय पासपोर्ट, तरी हा कागद नसेल तर विमानतळावरून माघारी. आणि तो फुकट नाही. ऑक्टोबर २०१६ पासूनचा दर असा : एका फेरीला दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल, पुढच्या प्रत्येक महिन्याला आणखी १००. पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर तीन महिन्यांचे ५००. घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा हिशेब. मुदत संपायच्या आत परतला नाहीत तर इकामा गेला, आणि कित्येक वर्षं नियम असा होता की पुढची तीन वर्षं दुसऱ्या मालकाच्या व्हिसावर पाऊल ठेवायचं नाही.

त्यात जुलै २०१७ पासून कुटुंबावरची फी आली. बायको-मुलांपैकी प्रत्येकामागे महिन्याला १०० रियाल, २०१८ ला २००, २०१९ ला ३००, २०२० ला ४००. इकामा नवा करताना आगाऊ भरायची. बायको आणि दोन मुलं, म्हणजे शेवटच्या दराने वर्षाला १४,४०० रियाल. तो दर यायच्या आधीच मी त्यांना 'फायनल एक्झिट'वर कडेगावला पाठवलं. माझ्या इमारतीतून त्या दोन वर्षांत किती पाळणे आणि किती सायकली फुकटात वाटल्या गेल्या, ते मी पाहिलंय.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, भाई, त्यांचा देश, त्यांचा कायदा. जायचं नव्हतं तर नाही जायचं. हेच वाक्य मी स्वतः पाच वर्षं म्हणत होतो. म्हणून आज त्यांचाच कायदा काढून दाखवतो.

सौदी कामगार कायद्याचं ४० वं कलम वाचा. परदेशी कामगार आणण्याचा खर्च, इकामा आणि वर्क परमिटची फी, त्यांच्या नूतनीकरणाची फी, उशीर झाला तर त्याचा दंड, खुरूज-औदाची फी आणि नोकरी संपल्यावर मायदेशी परतण्याचं तिकीट हे सगळं मालकाने भरायचं आहे. कामगाराने नाही. खुरूज-औदाचा उल्लेख तिथे स्पष्ट शब्दांत आहे.

मला हे कधी कळलं? कोड लिहून झाल्यावर. कंपनीच्या रजा आणि पगाराच्या सिस्टीमवर मी काम करत होतो. एचआरकडून अट आली : वर्षात पहिल्या रजेचा व्हिसा कंपनीच्या खर्चाने, दुसऱ्या रजेचा कामगाराच्या पगारातून कापायचा; सफाई आणि हेल्पर वर्गासाठी पहिल्या रजेपासूनच कापायचा. मी एका दुपारी ती अट लिहिली, टेस्ट केली, चालू केली. बाराशे रियाल पगार असलेल्या माणसाचे दोनशे म्हणजे महिन्याचा सहावा हिस्सा. पुढच्या महिन्यात एक बंगाली हेल्पर पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला, कारण ऑफिसात त्याच्याशी उर्दूत बोलणारा मीच होतो. 'साहब, यह क्या कटा है?' मी म्हटलं, सरकारी फी आहे. खोटं नव्हतं. पण ती फी कुणी भरायची हे सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. मजुराच्या घामाविषयीची हदीस मला लहानपणापासून पाठ होती.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट परवानगीची. २०१८ मध्ये अब्बा गेले. गुरुवारी रात्री फोन आला. त्या वेळी खुरूज-औदा मालकाच्या खात्यातूनच निघायचा. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कागद करणारा कंपनीचा माणूस, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीवर आणि त्याचा फोन बंद. दफनाला मी पोचणार नव्हतोच, मय्यत थांबत नाही. पण तिसऱ्या दिवशी तरी अम्मीजवळ असायला हवं होतं. व्हिसा रविवारी दुपारी निघाला. मुंबईहून कराडमार्गे घरी पोचलो तेव्हा मंगळवार उजाडला होता. मंदूबवर माझा राग नाही. त्याला सुट्टी घ्यायचा हक्क होताच. माझ्या बापाच्या मातीला जायचं की नाही हे त्याच्या मोबाइलवर टांगलेलं असावं, यावर राग आहे.

१४ मार्च २०२१ पासून तिथे सुधारणा झाली, ही चांगली गोष्ट आहे. खाजगी क्षेत्रातल्या कामगाराला आता मालकाच्या संमतीविना अबशर ॲपवरून खुरूज-औदासाठी अर्ज करता येतो. पण या सुधारणेतून घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ वगळले. म्हणजे ज्यांच्या दाराला कडी बाहेरून लावलेली असते, नेमके तेच. आमच्याच तालुक्यातले एक चाचा दम्मामला घरचे ड्रायव्हर होते. कफीलने इकामा नवा केला नाही. इकामा संपला की खुरूज-औदा निघत नाही, आणि पळून जावं तर कफील 'हुरूब' टाकणार, म्हणजे फरार म्हणून नोंद. मुलीचा निकाह त्यांनी गाडीत बसून मोबाइलवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं.

'सगळीकडे असंच असतं' हेही ऐकतो. नाही, असं नसतं. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याला वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर री-एंट्री परमिट काढावं लागतं. अमिरातीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर रहिवासाचा प्रश्न येतो. या परत येण्याच्या अटी आहेत; दोन आठवड्यांसाठी आईला भेटायला जाताना दारात कुणी अडवत नाही. जपानमध्ये पूर्वी री-एंट्रीचा परवाना पैसे भरून घ्यावा लागे. जुलै २०१२ पासून वर्षाच्या आत परतणाऱ्यांना तो लागत नाही. जपानचं काही बुडालं नाही. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांची एक्झिट परमिटची अट काढली आणि २०२० मध्ये घरकामगारांनाही त्यातून मोकळं केलं. विश्वचषकाआधी जगभरातून टीका झाली, म्हणून केलं. टीकेने फरक पडतो, एवढं त्यातून घ्यावं. उलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देश सोडण्याआधी मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट सक्तीचा केला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्या आठवड्यात काय चाललं होतं, आठवून बघा.

आपण अन्यायावर बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण हा अन्याय करणारा देश मक्का-मदिनेचा असला की आपला आवाज बसतो. जवाजातच्या खिडकीवरची फी म्हणजे दीन नव्हे. ती एका सरकारने महसुलासाठी ठरवलेली रक्कम आहे, आणि त्यांच्याच कायद्याने ती मालकावर टाकलेली आहे. हे बोलल्याने कुणाचा उमरा कबूल व्हायचा राहत नाही. दुसरी भीती अशी की आपण तक्रार केली तर इथले लोक हसतील, 'बघा, यांचा लाडका देश.' हसू देत. चाचांना त्या हसण्याचं काय?

आणि आपलं सरकार? दहावी न झालेल्या माणसाला सौदीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, त्यासाठी नोकरीचा करार ई-मायग्रेटवर जातो. म्हणजे करार दिल्लीच्या हातात असतो. खुरूज-औदाची फी मालक भरेल, ही एक ओळ त्या करारात सक्तीची करायला कुठला आंतरराष्ट्रीय तह लागतो? दहावी पास मुलाचं तर आणखी वेगळं. त्याला क्लिअरन्सच लागत नाही, म्हणून त्याचा करार एजंटखेरीज कुणी वाचतच नाही. तो आपण वाचायचा. जमातीत इंजिनिअर, वकील, शिक्षक बसलेले आहेत. जुम्म्यानंतर अर्धा तास कागद बघायला बसलो तर काय बिघडेल? ४० व्या कलमाचं मराठी आणि उर्दू भाषांतर मी करून ठेवलंय, ज्याला हवं त्याने मागावं.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा करार घेऊन आला. फिटर म्हणून चाललाय, पगार ठीक आहे. सातव्या अटीत लिहिलंय : सर्व सरकारी शुल्क कामगाराकडे राहील. मी एजंटला फोन लावून ४० वं कलम सांगितलं. तो म्हणाला, 'साहेब, सगळे याच्यावरच सही करतात.' मी म्हटलं, ती ओळ खोडून द्या. विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही, आणि मुलाने अजून सही केलेली नाही.