पासपोर्ट नाही? नो टेन्शन... पण पाकीट तपासा!

ऑफिसमध्ये ‘या वेळी क्रूझ करूया’ असा विषय निघाला, की पहिला प्रश्न खर्चाचा असतो. दुसरा ठरलेला. ‘पासपोर्ट लागतो का रे?’ आणि मग ग्रुपमधले दोघं-तिघं गपचूप मागे सरकतात. कारण पासपोर्ट काढायचं आपलं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहतं!

तर मंडळी, गुड न्यूज. जहाज भारतातल्या बंदरातून निघून मध्ये कुठेही परदेशात न थांबता भारतातल्याच बंदरात येणार असेल, तर भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. मुंबई-गोवा, मुंबई-कोची किंवा नुसतंच समुद्रात फिरून परत मुंबई, हे सगळं देशांतर्गत. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावायला लागली, तेव्हा आपल्याकडे या प्रकाराची क्रेझ सुरू झाली. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ आलं. १९९० साली बांधलेलं, अकरा डेकचं भलंमोठं जहाज. डेकवर ‘टायटॅनिक’ पोझमध्ये फोटो काढणारी गर्दी तेव्हापासून काही कमी झालेली नाही.

आपल्या पनवेलकरांना तर हे फारच सोयीचं. विमानतळ नको, व्हिसा नको. हार्बरची लोकल पकडा, सीएसएमटीला उतरा, टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पिअर सांगा. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही सप्टेंबर २०२५मध्ये झालंय. आणि बोटीचा प्रवास पनवेलला नवा थोडाच आहे? रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस बोटीने पनवेल बंदरात उतरायचा आणि मग बोरघाटाची वाट धरायचा!

पण थांबा. ‘पासपोर्ट नको’ म्हणजे ‘कागद नको’ असं नाही. लोकांची इथेच गल्लत होते.

कोणतं कार्ड चालतं?

साधा नियम आहे. सरकारने दिलेलं, फोटो असलेलं, मूळ ओळखपत्र. म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. एमएच-४६वाल्यांनो, तुमच्या पाकिटात शेवटचं असतंच. पासपोर्ट असेल तर तोही चालतो, अर्थातच.

पॅन कार्डावर मात्र विसंबू नका. त्यावर पत्ता नसतो, म्हणून हॉटेलवाले ते नाकारतात आणि क्रूझच्या बुकिंगमध्येही त्याचा भरवसा नाही. ऑफिसचं आयकार्ड म्हणजे गळ्यातला दागिना, बाकी काही नाही. रेशन कार्डही विसरा. मोबाइलच्या गॅलरीत ठेवलेला आधारचा फोटो म्हणजे ओळखपत्र नव्हे. डिजिलॉकरमधल्या कागदपत्रांना कायद्याने मूळ कागदाइतकाच दर्जा आहे, पण धक्क्यावर नेमकी बॅटरी संपली किंवा रेंज गेली तर? मूळ कार्ड खिशात असलेलं बरं. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला सोबत ठेवा.

नावात काय आहे? सगळं!

आता खरी गोम. कार्ड असतं, पण तिकिटावरचं नाव वेगळं असतं. आणि अडकतं कोण? बहुतेक वेळा घरातल्या बायका.

लग्नाला तीन महिने झालेत, हनिमून राहिलाय. नवरोबा उत्साहाने बुकिंग करतात आणि बायकोचं नाव नव्या आडनावासकट टाकून मोकळे होतात. मॅडमचं आधार माहेरच्या नावाचं. लायसन्सही माहेरच्याच नावाचं. बॉस, चेक-इन काउंटरवरच्या माणसाला तुमचं प्रेम दिसत नाही, स्पेलिंग दिसतं!

उपाय अगदी सोपा. तिच्या कार्डावर जे नाव आहे, त्याच नावाने बुकिंग करायचं. सुटीसाठी घाईघाईने आधार बदलायला धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शिवाय लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ठेवायचं की बदलायचं, ते तिने निवांत ठरवावं, ट्रॅव्हल एजंटच्या फॉर्मने नव्हे.

दुसरी केस आईची. पहिल्या बोनसमधून आई-बाबांना क्रूझवर पाठवायचं, हे आपल्यातल्या अनेकांचं स्वप्न. बाबांच्या पाकिटात लायसन्स असतं. आईचं काय? गाडी शिकायची राहून गेली, पासपोर्टची कधी वेळच आली नाही. उरलं आधार आणि मतदार कार्ड. त्यातही एकावर ‘सुनंदा’, दुसऱ्यावर ‘सुनिता’, आणि आडनावात एक अक्षर गायब. वर्षानुवर्षं कुणी बघितलं नाही, कारण ते दाखवून एकटीने कुठे जायची तिच्यावर वेळच आली नाही! मतदार कार्डातली चूक फॉर्म ८ भरून दुरुस्त होते. पण त्याला वेळ लागतो. म्हणून हे काम तिकिटाच्या आधी.

एवढी कटकट कशाला?

‘दोन दिवस नाचायला-गायला जातोय, एवढी चौकशी कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे. पण आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरचं प्रत्येक माणूस मोजावं लागतं. समुद्रात काही झालं, तर कोण होतं आणि कोण सापडलं नाही, हे सांगणारी गोष्ट एकच. ती यादी.

याची किंमत आपल्या रायगडाइतकी कुणाला माहीत असणार? १७ जुलै १९४७. गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. नक्की किती? आजही वेगवेगळे आकडे सांगितले जातात. काउंटरवर कुणी तुमचं कार्ड दोनदा उलटून पाहिलं, तर वैतागण्याआधी एवढं आठवा.

आणि पासपोर्ट लागतो तो इथे

जहाज परदेशी बंदराला लागलं, की पासपोर्ट हवाच. जून २०२३मध्ये चेन्नईहून श्रीलंकेची क्रूझ सुरू झाली. जहाज तेच ‘एम्प्रेस’, पण कागद वेगळे. लक्षद्वीपला पासपोर्ट नको, मात्र बाहेरून जाणाऱ्या भारतीयालाही प्रवेश परवाना लागतो. त्यामुळे ओळखपत्राची प्रत आणि फोटो बुकिंगच्या वेळीच तयार ठेवा.

न्यू जर्सीतली ताई फोनवर सांगेल, ‘आमच्याकडे तर जन्मदाखल्यावर क्रूझ होते!’ बरोबर आहे. पण ती सवलत अमेरिकी नागरिकांना आणि अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या बऱ्याचशा क्रूझसाठी. म्हणजे तिथे जन्मलेल्या भाच्याला चालेल. भारतीय पासपोर्टवर नोकरी करणाऱ्या भावजींना मात्र पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही तयार ठेवावं लागेल. आणि तोच भाचा सुटीत इकडे येऊन तुमच्याबरोबर गोव्याला निघाला, तर त्याचा अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड विसरू नका.

चौकट : बुकिंगच्या आधी पाच मिनिटं

• ग्रुपमधल्या प्रत्येकाकडून कार्डाचा फोटो मागवा. नाव त्यावरूनच टाइप करा, आठवणीतून नाही.
• लायसन्सची मुदत तपासा.
• आधारवरचा फोटो शाळेतला असेल, तर आधी अपडेट करा.
• मूळ कार्ड हँडबॅगेत ठेवा. मोठी बॅग चेक-इनला गेली की लगेच हाताला लागत नाही.
• कंपनीच्या अटी तिकीट काढताना वाचा, निघायच्या रात्री नाही.

आणि हो, पासपोर्टचा अर्ज या वर्षी भरूनच टाका. स्वतःचा भराल तेव्हा आईचाही भरा. आज घरी गेल्यावर चहा घेता घेता तिची दोन्ही कार्डं तेवढी शेजारी-शेजारी ठेवून बघा!