वाटीचा हिशेब, तागडीचा हिशेब

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की आमच्या आकुर्डीत घरोघरी वर्षाच्या मसाल्याची यादी निघते. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं (१९७०) वाटी-चमच्याचं माप आपल्या हाती दिलं. पण वाणी देतो ते ग्रॅमवर. घोटाळा होतो तो इथेच!

वाटी मोजते जागा, तागडी मोजते वजन. १५० मिलीलिटरच्या वाटीत धने साधारण ५० ग्रॅम मावतात. तीच वाटी दगडफुलानं भरली तर काटा जेमतेम हलतो. म्हणून 'एक वाटी' वाचून धन्याइतकंच दगडफूल आणलंत, तर वर्षाचा गोडा मसाला कडवट झालाच म्हणून समजा.

उपाय सोपा आहे. घरातली एकच वाटी मापाची ठरवा. आधी रिकामी तोला, मग जिन्नस न दाबता सपाट भरून तोला आणि वजाबाकी करा. चमच्याचं वजन हवं असेल तर दहा चमचे एकदम तोलून दहाने भागा. ५ मिलीलिटरच्या सपाट चमच्यात मीठ साधारण ६ ग्रॅम, हळद ३ ग्रॅम बसते. चिरलेला ओला पुदिना ३ चमचे लागत असेल, तिथे वाळवलेला १ चमचा पुरतो.

हे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. लेकी-सुनांना 'अंदाजानं घाल' म्हणण्यापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडेल.